नखाखालचा जोड

चंदनाबाई चौगुल्यांची उंची चार फूट दहा इंच. अठ्ठावन्न वर्षं त्यांनी ती ताठ मानेनं बाळगली होती आणि तिच्यावरून कुणी बोललेलं त्यांना खपत नसे. मुलींच्या शाळेत कार्यानुभव शिकवण्यात तीस वर्षं गेली. सातवीतल्या निम्म्या मुली त्यांच्या डोक्यावरून फळा वाचत, पण बाई वर्गात आल्या की एकीचीही वर बघायची टाप नव्हती.

निवृत्त झाल्यावर गुडघे कुरकुरायला लागले. डॉक्टरांनी सायकल चालवा म्हणून सांगितलं, म्हणून बाई राजारामपुरीतल्या एका दुकानात गेल्या. तिथल्या पोरानं एकामागून एक तीन सायकली बाहेर काढल्या. तिन्हींवर बाईंचे पाय लोंबले आणि हॅंडल धरताना पाठीला रग लागली. शेवटी पोरगं कंटाळलं.

"काकू, तुमच्या मापाची सायकल कंपनी काढतच न्हाय बघा," ते म्हणालं. "लहान पोरांची दाखवू काय? गुलाबी हाय एक."

झालं, बाईंचं टाळकं सरकलं.

"कंपनी काढत नसली तर मी काढते," असं म्हणून त्या दुकानाच्या पायऱ्या उतरल्या, आणि दुसऱ्या पायरीवरच त्यांच्या लक्षात आलं की आपण काय बोलून बसलो ते आपल्यालाच धड ठाऊक नाही. पण बोललेलं मागं घ्यायची सवय त्यांना शाळेतही नव्हती.

घरी भूपाल होते. भूपाल म्हणजे यजमान, बँकेतून निवृत्त झालेले, स्वभावानं थंड, जिभेनं खट्याळ. बायकोच्या रागाचा त्यांना पस्तीस वर्षांचा अनुभव होता. जैनाचं घर, जेवण सूर्य मावळायच्या आत, आणि बाईंचा राग साधारण त्या जेवणाबरोबर उतरतो असा त्यांचा हिशोब. त्या दिवशी जेवण झालं, भांडी झाली, तरी उतरला नाही. तेव्हा भूपालनी विचारलं की सायकल झाल्यावर मोटार काढणार का विमान. बाईंनी झालेली भांडी पुन्हा घासायला घेतली. हे वाईट लक्षण होतं.

या रागाचं मूळ खरं तर राजारामपुरीत नव्हतं, हुपरीत होतं. चंदनाबाई माहेरच्या मगदूम. हुपरी चांदीचं गाव. तिथं घरोघरी पैंजण घडतात आणि घडवणाऱ्यांत निम्म्या बायका असतात, हे पैंजण घालणारीला मात्र कधी कळत नाही. चंदना नऊ वर्षांची झाली तेव्हा आण्णांनी, म्हणजे वडिलांनी, तिच्या हातात फुंकणी दिली. दिव्याच्या ज्योतीवर तोंडानं वारा सोडायचा, ज्योत वाकवून दोन कड्यांच्या मधोमध आणायची, टाकणखाराचा फेस बसला की डाखाचा, म्हणजे सांधणाऱ्या धातूचा, बारीक तुकडा ठेवायचा, आणि तो पाण्यासारखा पळाला की तिथल्या तिथं फुंक तोडायची. जरा उशीर झाला तर कडी वितळून तिची गोळी. मग कानशीनं जोड असा घासायचा की इथं कधी दोन तुकडे होते अशी शंकासुद्धा कुणाला येऊ नये.

घासलेलं पैंजण आण्णांकडे न्यायचं. आण्णा ते बघत नसत. डोळे मिटून अंगठ्याचं नख जोडावरून फिरवत. नख अडकलं तर माल परत. नाही अडकलं तर दोनच शब्द, "पुढचं आण." शाबासकी नाही, पाठीवर हात नाही. पण त्या दोन शब्दांसाठी चंदना दिवस दिवस दिव्यापुढून उठत नसे.

त्यानंतर आण्णा त्यावर छाप मारायचे. पोलादी खिळ्यासारखा ठसा, टोकाला 'आ' आणि 'म', आण्णाप्पा मगदूम. त्या दोन अक्षरांखाली हजारो पैंजणं देशभर गेली. त्यांतली निम्मी चंदनाच्या हातची होती, आणि ते फक्त आपल्यालाच माहीत आहे असं चंदना समजत असे. लग्न झालं, फुंकणी माहेरी राहिली, धंदा भावाकडे, पारसकडे, गेला. पारसनं पुढं मशीन आणलं. बाईंनी यावरून कधी तक्रार केली नाही, पण विसरल्याही नाहीत.

दोन दिवसांनी, राग चांगला मुरल्यावर, त्यांनी फोनवर सायकल कशी बनते ते शोधलं. कुठल्यातरी थंड देशातला एक दाढीवाला माणूस आपल्या मागच्या खोलीत, नोकरी सांभाळून, निव्वळ हौस म्हणून सायकलची फ्रेम जोडत होता. त्याचं बोलणं बाईंना निम्मंच कळलं. पण त्यानं नळ्यांच्या सांध्याला पांढरा लेप लावला, ज्योत फिरवली, लेप विरघळून चकाकला आणि पितळेची कांडी टेकवताच पितळ सांध्याभोवती पळालं, तेव्हा बाई उठून उभ्याच राहिल्या. लेप म्हणजे टाकणखार. कांडी म्हणजे डाख. हे काम त्यांना नवव्या वर्षापासून येत होतं.

"अवो, मापाची टेप आणा," त्यांनी भूपालना हाक मारली.

भूपालनी पायाची, धडाची, हाताची मापं घेतली आणि एका लग्नपत्रिकेच्या मागं लिहिली. त्यांवरून बाईंनी प्लायवूडच्या फळीवर फ्रेमचं पूर्ण आकाराचं चित्र काढलं. तीस वर्षं मुलींना कागदी खोकी करायला शिकवलेला हात तो, रेघ कुठं चुकली नाही. पुण्याहून पोलादी नळ्या मागवल्या. खास सायकलीच्या, वजनाला हलक्या आणि ज्यांच्या पत्र्याची जाडी एक मिलिमीटरही नाही अशा. एवढं सगळं घेऊन त्या कारखान्यांच्या वस्तीत, उद्यमनगरात, बाळासोंच्या शेडवर गेल्या.

बाळासो सत्तरीला टेकलेले गॅस वेल्डर. त्यांनी उसाच्या रसाचे गाडे जोडले होते, दवाखान्याच्या खाटा जोडल्या होत्या, पण सायकल जोडायला आलेली बाई त्यांनी पाहिली नव्हती. खिडकीची जाळी करायची असेल अशा समजुतीनं त्यांनी आधी खिडकीचं माप विचारलं. खरा प्रकार कळल्यावर ते हसले नाहीत, एवढं त्यांचं मोठेपण. त्यांनी भंगारातले दोन नळीचे तुकडे पुढं टाकले आणि गॅसची तोटी बाईंच्या हातात दिली.

बाईंनी ज्योत लावली, बारीक केली. पहिल्यांदा त्यांचा श्वास आपोआप रोखला गेला, कारण फुंकणीची सवय. मग हात आठवत गेला. ज्योत एका जागी न ठेवता फिरती ठेवली, लोखंड नारिंगी होताना डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं, कांडी टेकवली. पितळ त्यांच्या ज्योतीमागून शिकवल्यासारखं चालत गेलं आणि वेढा पुरा झाला. बाळासो तो तुकडा बराच वेळ उलटसुलट करत राहिले.

"कुठं शिकलासा, वैनी?" त्यांनी विचारलं.

"हुपरीत," बाई म्हणाल्या. त्यांना अठ्ठावन्न वर्षांत इतका अभिमान कधी वाटला नव्हता, आणि तो त्यांनी चेहऱ्यावर दिसू दिला.

त्यानंतर आठवड्यातले चार दिवस त्या शेडवर जायला लागल्या. एका नळीच्या गोल अंगावर दुसरी चपखल बसावी म्हणून तिचं तोंड गोल कानशीनं कोरावं लागतं. एकेका तोंडाला दोन दोन दिवस गेले. मधे उजेड दिसता कामा नये, हा बाळासोंचा नियम होता. बाईंचा नियम त्याहून कडक होता. बाळासो चालेल म्हणाले तरी त्या आणखी अर्धा दिवस घासत बसत. शेजारच्या लेथवाल्यांना आता त्यांची सवय झाली होती. चहा आला की एक कप न सांगता तिकडं जाई.

मार्चअखेर आठही जोड पुरे झाले. बाळासोंचं गाव आजऱ्याकडं. काजूचे दिवस आले तसे ते तीन आठवड्यांसाठी निघाले. जाताना त्यांनी सांगितलं की फ्रेम घरी न्या, जोडावर थिजलेली टाकणखाराची काच धुऊन काढा, बाकी आल्यावर बघू.

बाईंनी त्याच दिवशी हुपरीला फोन लावला.

"आण्णा, अक्षय तृतीयेला येतो. सायकलवरनं. मी केलेल्या."

हुपरीशी बोलताना त्यांच्या तोंडची शाळा सुटायची आणि 'येते'चं 'येतो' व्हायचं. पलीकडं आण्णा होते. चौऱ्याऐंशी वय, डोळे जवळपास गेलेले, पण आवाज खणखणीत.

"डाख कुणी लावला?"

"मी."

"आण मग. नख लावून बगतो."

बाईंनी फोन ठेवला. पस्तीस वर्षांनी आण्णांचं नख त्यांच्या कामावर फिरणार होतं. एवढंच त्यांना हवं होतं. सायकल, गुडघे, तो दुकानातला पोरगा, सगळं त्यानंतर.

मग तीन आठवडे त्या घराच्या मागं बसून कानस चालवत होत्या. जोडाभोवती पितळेचा जो भराव बसला होता तो त्यांनी घासला. आणखी घासला. आधी कानस, मग बारीक कानस, मग पॉलिश कागद. पितळेची पिवळी कड गेली, नळी नळीतून उगवल्यासारखी दिसायला लागली. डोळे मिटून त्यांनी स्वतःचं नख फिरवलं. कुठं काही नाही. भूपालना बोलावलं. भूपालनी चष्मा लावून, मग काढून बघितलं आणि पहिल्यांदाच त्यांना काही खट्याळ सुचलं नाही.

"हे एकाच नळीचं काढलंयस वाटतं," ते म्हणाले.

बाळासो आजऱ्याहून परतले त्या सकाळी बाई फ्रेम घेऊन शेडच्या दारात हजर. कौतुक ऐकायला आल्या होत्या, ते लपवायचं कारण नाही. बाळासोंनी फ्रेम उजेडाला धरली. एकेका जोडावरून बोट फिरवलं. लेथवाले जमा झाले आणि काय फिनिशिंग म्हणून माना डोलवायला लागले. बाळासो मात्र बोट फिरवतच राहिले.

"पितळ कुठं गेलं, वैनी?" शेवटी त्यांनी विचारलं.

"काढलं की सगळं."

"आणि पितळाबरोबर नळी किती काढलीसा?"

बाईंना प्रश्न कळला नाही. बाळासोंनी जोडाच्या कडेला नख टेकवून दाखवलं. तिथं नळीच्या अंगावर कानशीनं पन्हळासारखी हलकी खाच पडली होती. पितळाचा भराव हीच जोडाची ताकद असते, त्यांनी सांगितलं, आणि तो उतरवताना शेजारची नळी कागदासारखी पातळ झाली आहे. पैंजणाला चालतं. पैंजणावर कुणी बसत नाही.

"भिंतीवर लावा. लई देखणी झालीया. पण हिच्यावर बसू नका," ते म्हणाले.

बाई म्हणाल्या की तोडून बघा. बाळासो नको म्हणाले. बाई म्हणाल्या की तुटली नाही तर मी अक्षय तृतीयेला हुपरीला जाणार, म्हणून तोडूनच बघा. तेव्हा बाळासोंनी फ्रेमचं पुढचं टोक टेबलावरच्या लोखंडी पकडीत, व्हाइसमध्ये, आवळलं, सीटच्या नळीत पाच फुटी पाइप घातला आणि बाजूला झाले. पाइपच्या टोकाला बाईंनी स्वतःच लटकून जोर दिला. पहिल्यांदा काही झालं नाही. दुसऱ्यांदा कडकन आवाज आला आणि बाई पाइपासकट गुडघ्यांवर आल्या.

जोड सुटला नव्हता. डाख जिथल्या तिथं होता. त्याच्या शेजारी, बरोबर कानशीच्या खाचेतून, नळी फाटली होती.

बाईंनी तो फाटका तुकडा जोडासकट कापून मागितला, पिशवीत घातला आणि रिक्षानं घरी गेल्या. आण्णांना फोन करून त्यांनी सांगितलं की अक्षय तृतीयेला जमत नाही. आण्णांनी कारण विचारलं नाही, आणि ते न विचारणंच त्यांना जास्त लागलं. आठ दिवस त्यांनी कानशीला हात लावला नाही. त्या रडल्या, हेही सांगितलं पाहिजे. सायकलसाठी नाही. आण्णांनी जे शिकवलं ते त्यांनी जिवापाड नीट केलं होतं, आणि तेच नडलं होतं, हे त्यांना सहन होत नव्हतं.

नवव्या दिवशी दारात लांबडं खोकं आलं. भूपालनी पुण्याहून पुन्हा नळ्या मागवल्या होत्या. त्यांनी ते खोकं जेवणाच्या टेबलावर ठेवलं, मापांची ती लग्नपत्रिका त्याच्यावर ठेवली आणि पेपर वाचायला बसले. बाईंनी खोकं उघडलं.

दुसरी फ्रेम पावसाळाभर चालली. शेडच्या पत्र्यावर धो धो आवाज आणि खाली बाई आणि बाळासो एकमेकांशी खुणांनी बोलत. या वेळी त्यांनी पितळ मोकळ्या हातानं घातलं. अवघड काम त्यानंतरचं होतं, कानस कधी थांबवायची ते. पन्नास वर्षांची सवय हातात बसलेली. हात पुढं जायचा, पितळ उतरवायला बघायचा. बाईंनी तो फाटका तुकडा टेबलावर समोरच ठेवला होता. हात जास्त पुढं गेला की त्या तुकड्याकडे बघत. नळीला कानस लावायचीच नाही, फक्त पितळाला गोलाई द्यायची, नळीच्या अंगावरून चढून दुसऱ्या नळीवर उतरेल अशी. आठ जोडांना त्यांनी अडीच महिने घेतले.

बाळासोंनी पुन्हा फ्रेम व्हाइसमध्ये आवळली आणि या वेळी स्वतः पाइपला लटकले. त्यांचं वजन बाईंच्या दुप्पट. मग लेथवाल्यांपैकी एकाला लटकवलं. मग दोघं मिळून लटकले. व्हाइसचं टेबल जमिनीतून हललं, फ्रेम हलली नाही. बाळासो घाम पुसत खाली बसले आणि बराच वेळ नुसते फ्रेमकडे बघत हसत राहिले.

रंगाची वेळ आली तेव्हा सगळ्यांनी वेगवेगळे रंग सुचवले. बाईंनी नळ्या पिकल्या जांभळाच्या रंगाच्या केल्या आणि जोडांवर रंग द्यायला साफ नकार दिला. तिथं नुसतं पारदर्शक व्हार्निश. त्यामुळे आठही जोड पिवळे धमक उघडे राहिले. चिंचेनं घासलेल्या पितळी तांब्यासारखं दिसतंय, असं भूपाल म्हणाले, आणि ते टोमण्यासारखं वाटू नये म्हणून लगेच चांगलं दिसतंय असंही म्हणाले.

दिवाळी होऊन गेली. रविवारी सकाळी बाईंनी सायकल बाहेर काढली. बसल्या, तर दोन्ही पाय जमिनीला टेकले, हॅंडल हाताशी आपणहून आलं, पाठ सरळ. जन्मभर दुसऱ्यांच्या मापाच्या खुर्च्यांवर, बाकांवर, स्कूटरींवर बसलेल्या बाईला आपल्या मापाची वस्तू म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. वाट वाकडी करून त्या राजारामपुरीतल्या त्या दुकानावर गेल्या आणि हवा मारून मागितली. पोरानं हवा मारली, सायकलीभोवती एक चक्कर घातली, मग दुसरी.

"कुठनं घेतली, काकू?"

"घेतली नाही," बाई म्हणाल्या आणि निघाल्या.

उचगाव मागं पडलं, गडमुडशिंगी पडलं. भूपाल स्कूटरवरून मागं होते. जवळ यायचं नाही आणि हॉर्न वाजवायचा नाही, अशी ताकीद त्यांना होती. रस्त्यात उसाच्या गाड्यांची गर्दी. पट्टणकोडोलीच्या पुढं बाई उगाचच हळू चालवायला लागल्या. आण्णांना दिसत नसलं तरी नख कुणाला फसणारं नव्हतं. आणि आण्णांच्या कायद्यानं बघितलं, तर ज्या मालाचा जोड नखाला लागतो तो माल परत जातो.

आण्णा पडवीत खुर्चीवर बसले होते. पारस दारात उभा होता, त्याची बायकामुलं मागं.

"आलो, आण्णा," बाईंनी सायकल भिंतीला लावली, पण आण्णांच्या हातात आधी पिशवीतला तो फाटका तुकडा दिला. "हे पहिलं बगा."

आण्णांनी डोळे मिटले. नख जोडावरून गेलं, परत आलं, पुन्हा गेलं.

"लई चांगलं हाय," ते म्हणाले. "जोड गावंना."

त्यांनी असं उघड कौतुक आयुष्यात केलं नव्हतं, आणि नेमकं या तुकड्याचं केलं. बाईंना हसू आलं की रडू, त्यांनाच समजलं नाही.

"आता बोट जरा खाली घ्या," त्या म्हणाल्या.

बोट खाली गेलं आणि फटीत अडकलं. आण्णांची भुवई वर झाली. डाख सुटला का, त्यांनी विचारलं.

"डाख न्हाय सुटला. तुमी शिकवल्यागत घासला. जोड लपला आणि नळी फाटली."

पारस काहीतरी बोलायला गेला, आण्णांनी हात वर करून त्याला गप्प केलं. मग ते उठले. बाईंनी त्यांचा हात धरून सायकलीपाशी नेला आणि पहिल्या जोडावर टेकवून सोडून दिला. नख नळीवरून निघालं, पितळावर चढलं, उतरलं, पलीकडं गेलं. कुठं कड लागली नाही. आण्णा दुसऱ्या जोडाकडे गेले, तिसऱ्याकडे गेले. खाली वाकायला लागल्यावर त्यांना दम लागला, तरी आठवा जोड त्यांनी सोडला नाही. बाई फक्त दोन शब्दांची वाट बघत होत्या, नवव्या वर्षी बघायच्या तशीच.

ते दोन शब्द आले नाहीत.

"जोड दिसतोय व्हय गं?" आण्णांनी विचारलं.

"दिसतोय. पिवळा. रंगाखाली घातला न्हाय."

"मुद्दाम?"

"व्हय, आण्णा. जल्मभर लपवलाच की. ह्यो लपवायचा न्हवता मला."

आण्णांनी मान हलवली. मग सायकलीच्या अंगावरून हात फिरवत, काहीतरी हरवल्यासारखं शोधत, त्यांनी विचारलं, "आणि छाप कुठं हाय?"

बाई गडबडल्या. वर्षभरात छाप हा शब्द त्यांच्या डोक्यात आला नव्हता. आपल्या घरातून बिनछापेचा माल बाहेर गेलेला नाही, असं म्हणून आण्णांनी पारसला आतून त्यांची लाकडी पेटी आणायला सांगितली. पेटीत जुन्या कानशी होत्या, चिमटे होते, ती फुंकणी होती, आणि फडक्यात गुंडाळलेला ठसा. 'आ' आणि 'म'. आण्णांनी तो बोटांनी चाचपला. बाईंनी नकळत हात पुढं केला होता.

आण्णांनी ठसा परत फडक्यात गुंडाळला.

"ही न्हवं," ते म्हणाले. "हिच्याखाली तुझं लई काम गेलं. मला ठावं हाय. नख लावलं की कळायचं, कुठलं तुझं आणि कुठलं दुसऱ्याचं ते. मी बोललो न्हाय. हे काम माझं न्हाय, चंदे. तुझी छाप पाड."

भूपाल पायरीवर बसून सगळं ऐकत होते. ते उठले आणि स्कूटर काढून ठसे कोरणाऱ्याच्या गल्लीत गेले. तासाभरानं परत आले तेव्हा त्यांच्या मुठीत एक नवाकोरा ठसा होता, आणि त्याच्या टोकाला एकच अक्षर, 'च'. चौगुल्यांचा आहे की चंदनाचा, असं पारसनं विचारलं. भूपालनी त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं पुन्हा विचारलं नाही.

बाईंनी मागचं चाक काढलं. ते बसतं तिथं फ्रेमला बोटभर रुंद, जाड पोलादी पट्टी असते. ती पट्टी आण्णांच्या जुन्या ऐरणीवर टेकवली. आण्णा जमिनीवर बसले आणि फ्रेम त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली. बाईंनी ठसा उभा केला आणि हातोडी उचलली. दुसरा घाव घालायला लागला नाही.

हातोडी खाली ठेवल्यावर त्यांनी आण्णांचा हात धरून तिथं नेला. आण्णांनी डोळे मिटले आणि नख फिरवलं. ते अक्षराच्या खाचेत अडकलं. मागं घेऊन पुन्हा फिरवलं, पुन्हा अडकलं.

"अडकतंय की," आण्णा म्हणाले, आणि नख तिथंच ठेवून बसून राहिले.